चार दिवस, नऊ सिनेमे

सिनेमांना नंबर द्यायचे नसतात, प्रत्येक कलाकृतीची तुलना फक्त तिच्या स्वतःशीच होऊ शकते वगैरे वगैरे म्हणणारे बरेच लोक मला माहीत आहेत. त्यातले निम्मे फेस्टिव्हलच्या रांगेतच भेटतात. आणि गंमत म्हणजे रांगेत दोन मिनिटं उभं राहिलं की तेच विचारतात, "आत्तापर्यंतचा बेस्ट कुठला?"

मी आणि माझा रूममेट हे ढोंग करत नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर कुणाची तरी हार्ड डिस्क हाती लागली तेव्हापासून आम्ही दोघं पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाला नंबर देतो. नियम तीनच. सिनेमा संपल्यावर चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत नंबर सांगायचा. दोन सिनेमांना एकच नंबर नाही. आणि परतीच्या बसने घाट चढायला सुरुवात केली की यादी फ्रीझ, नंतर एकही बदल नाही. दुसऱ्या नियमावर रूममेटचा पहिल्यापासून आक्षेप आहे. त्याच्या ऑफिसात अप्रेझलला टीममधल्या कुणाला तरी तळाला टाकावंच लागतं, मग सगळ्यांनी जीव तोडून काम केलेलं असो. "तिकडे बेल कर्व्हला शिव्या घालायच्या आणि इकडे तेच करायचं?" असं तो म्हणतो. मी म्हणतो, सिनेमाचा इन्क्रिमेंट थोडीच कापला जाणार आहे :)

तर ही यादी गोव्याच्या इफ्फीची, म्हणजे २०२४ च्या ५५व्या. २० ते २८ नोव्हेंबर अशा त्याच्या तारखा. २० तारखेला बुधवारी आपल्याकडे विधानसभेचं मतदान होतं. त्यामुळे सकाळी पुण्यात बोटाला शाई लावून घेतली, ऑफिसची सुट्टीच होती, आणि रात्रीच्या बसने पणजी. गुरुवार-शुक्रवार दोन दिवस रजा, पुढे वीकेंड. एकूण चार दिवस.

जे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इफ्फी पहिल्यांदा भरला १९५२ साली मुंबईत. नंतर बरीच वर्षं तो गावोगाव फिरला आणि २००४ पासून गोव्यात मुक्कामाला आला. मुख्य अड्डा म्हणजे मांडवीच्या काठचं आयनॉक्स. त्याच्या शेजारी जुन्या मेडिकल कॉलेजची सुंदर इमारत आणि पलीकडे मॅकिनेझ पॅलेस. काही शो नदीपलीकडे पर्वरीलाही असतात, तिथे पायलटच्या (म्हणजे गोव्यातल्या मोटरसायकल टॅक्सीच्या) मागे बसून जाताना पूल आला की जीव मुठीत धरावा लागतो. गळ्यात डेलिगेटचं कार्ड असलं तरी प्रत्येक शोचं तिकीट वेगळं बुक करावं लागतं, आणि बुकिंग उघडलं की तत्काळच्या तिकिटासारखी झुंबड. दिवसाला तीन-चार सिनेमे पाहायचे तर जेवण दोन शोंच्या मधल्या फटीत. चार दिवस आम्ही भाजी-पाव आणि मिरची भजी यावर काढले. तक्रार अजिबात नाही.

शनिवारी २३ तारखेला निकाल होता. रांगेतले निम्मे डेलिगेट महाराष्ट्रातले, त्यामुळे बोलणं रुमानियन न्यू वेव्हवर आणि डोळे मोबाईलवरच्या आघाड्यांवर. एक काका तर दर पाच मिनिटांनी मोठ्याने आकडे वाचून दाखवत होते. दार उघडलं तसे म्हणाले, "चला, दोन तास तरी कटकट नाही."

आता यादी, खालून वर.

नवव्या नंबरावर 'शेफर्ड्स'. कॅनडाच्या सोफी देरास्पचा. माँट्रियलमधला एक जाहिरातवाला नोकरी सोडतो आणि फ्रान्समध्ये प्रोव्हान्सला जाऊन मेंढपाळ होतो. आयटीतल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात हा सिनेमा रोज चालू असतो, फक्त मेंढ्यांच्या जागी मुळशीत दोन एकर असतात. सिनेमा प्रामाणिक आहे. मेंढपाळाचं काम किती घाणीचं, पैसे किती थोडे, मालक किती पिसाळलेले हे सगळं दाखवतो. पण डोंगर इतके देखणे आहेत की शेवटी आपण रजेचा अर्ज मनात लिहूनच बाहेर येतो. त्याच्या वर आठवा 'पिअर्स'. दिग्दर्शिका नेलिशिया लो स्वतः सिंगापूरकडून तलवारबाजी खेळलेली, आणि गोष्ट तैवानमधल्या दोन तलवारबाज भावांची. मोठा भाऊ खून करून सुटून आलेला, आणि धाकट्याला त्याच्यावर विश्वास ठेवायचाय. ताण जबरदस्त, पण शेवटाकडे जरा जास्तच.

सातवा 'वेव्ह्ज'. १९६८ चा प्राग, चेकोस्लोव्हाक रेडिओ, आणि ऑगस्टमध्ये वॉर्सा करारातल्या देशांचे रणगाडे शहरात शिरतात तेव्हा प्रक्षेपण चालू ठेवणारी माणसं. थ्रिलर म्हणून एकदम घट्ट. रूममेटने याला चौथा दिला. मला तो इतका सफाईदार वाटला की भीती वाटायचीच राहून गेली. असो.

सहावा, आणि इथे आमचं कडाक्याचं भांडण झालं, तो 'टॉक्सिक'. लिथुआनियाच्या साउले ब्ल्युवाइतेचा पहिलाच सिनेमा. कारखान्यांच्या एका ओसाड गावात तेरा-तेरा वर्षांच्या दोन मुली. एक लंगडत चालते, आजीकडे राहते. दोघींना गावातून बाहेर पडायचंय आणि रस्ता एकच दिसतो, मॉडेलिंगची शाळा. तिथे कंबर मोजतात, मग मुली बारीक होण्यासाठी काय काय करतात... त्यातली एक तर चक्क पट्टकृमीची अंडी मिळवून गिळते. माझ्या शेजारची बाई तेव्हा उठून गेली. मी बसलो, पण बराच वेळ समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत.

रूममेटने याला दुसरा दिला. म्हणाला, "तुला बघवलं नाही म्हणजे तिने काम चोख केलं." माझं म्हणणं वेगळं होतं. ती शाळा त्या मुलींच्या शरीराकडे जशी बघते तसाच कॅमेराही मधूनमधून बघतो असं मला वाटलं, आणि त्या मुली घरी गेल्यावर एकमेकींशी काय बोलत असतील हे मला जास्त हवं होतं. आम्ही पुण्याला परतल्यावर २८ तारखेला निकाल लागला. आशुतोष गोवारीकर अध्यक्ष असलेल्या ज्युरीने सुवर्णमयूर 'टॉक्सिक'लाच दिला आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस त्या दोन्ही मुलींना मिळून. ऑगस्टमध्ये लोकार्नोलाही याच सिनेमाने पहिलं बक्षीस मारलं होतं. रूममेटने मला त्या बातमीचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली एकही शब्द न लिहिता. माझा सहावा नंबर अजून सहावाच आहे.

पाचवा 'आवारा', आणि हे बेकायदेशीर आहे हे मला मान्य आहे. १९५१ च्या सिनेमाला २०२४ च्या सिनेमांच्या रांगेत उभं करणं बरं नव्हे. पण राज कपूरचं जन्मशताब्दी वर्ष होतं, प्रिंट नव्याने लखलखीत केलेली होती, आणि बाबा लहानपणापासून ज्याबद्दल बोलतात तो स्वप्नाचा सीन मी पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर पाहिला. त्यांना मेसेज केला तर उत्तर आलं, "आमच्या वेळी सव्वा रुपयात."

चौथा 'क्रॉसिंग'. लेव्हान अकिनचा. सुरुवातीलाच पडद्यावर पाटी येते की जॉर्जियन आणि तुर्की या भाषांना लिंगभेद नाही. आपल्याकडे टेबल, खुर्ची, कपाट यांनासुद्धा तो-ती-ते चिकटवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, त्यामुळे मी ती पाटी जरा जास्तच वेळ मनात घोळवत बसलो. बाटुमीची एक निवृत्त शिक्षिका मेलेल्या बहिणीला दिलेला शब्द पाळायला इस्तंबूलला येते, बहिणीच्या ट्रान्स मुलीला शोधायला. ही बाई कडक, तुटक, दारू पिणारी. तिच्या डोळ्यांतून इस्तंबूलच्या गल्ल्या, जिने आणि मांजरं बघत राहावीशी वाटतात. या सिनेमाला इफ्फीत युनेस्कोचं गांधी पदक मिळालं.

तिसरा 'होली काऊ'. हा मी चेहऱ्यावर हसू घेऊन पाहिला. फ्रान्सच्या जुरा भागात अठरा वर्षांचं एक उनाड पोरगं. बाप अचानक जातो, पदरात सात वर्षांची बहीण आणि घरात पैसा नाही. त्याला कळतं की उत्तम कोंते चीज बनवणाऱ्याला तीस हजार युरोंचं बक्षीस आहे. मग काय, चीज बनवायचं. दूध कुठून? चोरून! दिग्दर्शिका लुईझ कुर्व्हॉझिए याच भागातली आणि नायक क्लेमाँ फाव्हो हा नट नाहीच, कोंबड्यांच्या फार्मवर काम करणारा मुलगा. त्याला इथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस मिळालं. चीजची कढई ढवळताना त्याचे हात खरे दिसतात. आपल्याकडे खवा आटवणाऱ्याचा हात कसा लगेच ओळखू येतो, तसं.

दुसरा 'द न्यू इयर दॅट नेव्हर केम'. बोगदान मुरेशानूचा. डिसेंबर १९८९ मधलं बुखारेस्ट, चाउशेस्कूच्या राजवटीचे शेवटचे दोन दिवस, पण हे शेवटचे दिवस आहेत हे त्यातल्या एकालाही माहीत नाही. सहा माणसांच्या सहा गोष्टी. टीव्हीवरचा नववर्षाचा कार्यक्रम आधीच शूट झालाय, पण त्यात साहेबांची स्तुती करणारी नटी देश सोडून पळालीये. आता तिच्याजागी कुणाला तरी उभं करून तो पुन्हा शूट करायचाय. एक कामगार घरी येतो तर त्याला कळतं की लहान मुलाने नाताळबाबासारख्या म्हाताऱ्याला पत्र पाठवलंय आणि त्यात वडिलांना काय हवंय तेही लिहिलंय : 'निकूकाका' मरायला हवेत. म्हणजे खुद्द चाउशेस्कू! ते पत्र टपालपेटीत पडलंय. त्या बापाची त्यानंतरची धावपळ बघताना सगळं थिएटर हसत होतं आणि हसता हसता गप्प होत होतं. पहिला तासभर कोण कुणाचं कोण हेच कळत नाही, रूममेटने तर दोनदा जांभई दिली. पण सिनेमा सहाही धागे एकत्र आणतो, मागे रॅव्हेलचं 'बोलेरो' हळूहळू चढत जातं, २१ डिसेंबरची ती सभा सुरू होते... सहा थ्रेड्स आणि एकही डेडलॉक नाही! संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. चहाच्या टपरीपर्यंत मी "हाच पहिला, हाच पहिला" करत आलो होतो, आणि रूममेटच्या यादीत तो शेवटपर्यंत पहिलाच राहिला.

माझ्या यादीत नाही राहिला, कारण दुसऱ्या दिवशी 'फॅमिलियर टच' पाहिला.

नव्वद मिनिटांचा छोटा सिनेमा, सारा फ्रीडलंड या अमेरिकन दिग्दर्शिकेचा पहिला. ऐंशी ओलांडलेली रूथ सकाळी छान आवरते, स्वयंपाकघरात एका पाहुण्यासाठी सँडविच करते. टोस्ट भांड्यांच्या जाळीत उभा करून ठेवते तेव्हा आपल्याला पहिल्यांदा काहीतरी खटकतं. पाहुणा येतो, ती त्याच्याशी जरा लाडीक बोलते. तो तिचा मुलगा असतो. तो तिला गाडीत बसवून जिथे नेतो ते हॉटेल नसून विसराळू झालेल्या वृद्धांची काळजी घेणारं ठिकाण असतं, आणि ते तिने स्वतःच कधीतरी निवडलेलं असतं. आयुष्यभर स्वयंपाकी म्हणून काम केलेली ही बाई. डॉक्टर तिची स्मृती तपासायला प्रश्न विचारतात तेव्हा ती त्यांना बोर्श्टची कृती सांगत सुटते, एकही पायरी न चुकता. एका सकाळी तर ती तिथल्या स्वयंपाकघरात शिरते आणि नाश्त्याचा ताबाच घेते. कुणी मरत नाही, कुणी ओरडत नाही. सिनेमा रूथची बाजू सोडत नाही, तिची कीव करत नाही.

हे ठिकाण सेट नव्हे. पॅसाडीनातल्या एका खऱ्या वृद्धनिवासात, तिथल्या रहिवाशांना सामील करून घेऊन शूटिंग झालं, आणि दिग्दर्शिकेने स्वतः अशा माणसांची काळजी घेण्याचं काम केलेलं आहे. ते कळतं. रूथला आंघोळ घालायची, कपडे चढवायचे, यातला संकोच आणि सवय दोन्ही बरोब्बर पकडलंय. रूथ झालेली कॅथलीन चॅलफंट तर काय बोलावं. व्हेनिसला अभिनयाचं बक्षीस तिला आणि दिग्दर्शनाचं साराला त्यांच्या विभागात आधीच मिळालं होतं. इफ्फीतही पदार्पणाच्या सिनेमाचं बक्षीस यालाच.

यातलं काहीही माझ्या पहिल्या नंबरचं कारण नाही.

सांगलीला आमच्या घरी माझी आजी आहे. तेव्हा ८१ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. त्याआधीचं दीड वर्ष तिचं विसरणं वाढत चाललं होतं. मला ती काकाच्या नावाने हाक मारायची, मग हळूहळू नावंच गेली, नुसतं "बाळ" राहिलं. दोनदा संध्याकाळी दार उघडून बाहेर पडली होती, शाळा भरायची वेळ झाली म्हणून. डॉक्टरांनी तारीख विचारली तर सांगता आली नाही, पण "पाढे येतात का आजी?" म्हटल्यावर पावकी, निमकी, पाऊणकी अशी सुरू झाली की डॉक्टरांनाच थांबवावं लागलं. घरात सहा महिने एकच विषय. काका बेंगलोरहून फोन करून म्हणायचा, एखादं चांगलं सेंटर बघू. बाबा म्हणायचे, माझ्या आईला मी बाहेर ठेवणार नाही. रात्री तीनदा उठून आजीला बाथरूमला नेणारी आई यात काहीच म्हणायची नाही. तिला कुणी विचारतच नव्हतं.

सिनेमा संपल्यावर रूममेट नेहमीप्रमाणे चहाच्या टपरीवर थांबला होता. मी नंबर सांगितला नाही. नदीकडेच्या कठड्यावर बसून आईला फोन लावला आणि सगळी गोष्ट सांगितली, टोस्टपासून. एरवी "बरं बरं, जेवलास का?" म्हणून सिनेमाचं बोलणं दोन मिनिटांत गुंडाळणारी आई वीस मिनिटं ऐकत होती.

मग म्हणाली, "त्या मुलाने सोडल्यावर गाडीत बसून रडला असेल."

"अगं, ते नाही दाखवलं."

"नसेल दाखवलं." थोडा वेळ गप्प. "आणि तिला खरंच स्वयंपाकघरात जाऊ दिलं त्यांनी?"

"हो."

"आपल्याकडे जाऊ देतील का रे कुणी?"

मी विचारलं, "आई, तुला काय वाटतं? काय करावं?" ती म्हणाली, "मला झोप हवी आहे." आणि लगेच, "हे बाबांना सांगू नकोस." मी म्हटलं, सांगणार. ती नको म्हणाली नाही.

टपरीवर परत आलो तेव्हा चहा गार झालेला, पण घोट घेतला नव्हता, त्यामुळे नियमात बसलं. "पहिला," म्हटलं. रूममेटने सहावा दिला होता. त्याचं म्हणणं, "सिनेमा चांगलाय, पण तू सिनेमाला नंबर देत नाहीयेस." मी म्हटलं, नऊच्या नऊ नंबर मी असेच दिलेत, तूही असेच देतोस. तुझ्या वडिलांची कंपनी बंद पडली नसती तर तुला तो रुमानियन कामगार इतका भिडला असता का? यावर तो काही बोलला नाही, दुसरा चहा मागवला.

रविवारी रात्री आंबोलीच्या घाटात यादी फ्रीझ झाली.

पुढच्या महिन्यात मी सांगलीला गेलो आणि आईचं वाक्य बाबांना जसंच्या तसं सांगितलं. बाबा चिडले नाहीत. दिवसभर गप्प होते, संध्याकाळी म्हणाले, "बघून तरी येऊ." आई, बाबा आणि मी, तिघं दोन ठिकाणं बघून आलो. पहिलं बघून जिन्यातच परत फिरलो. दुसरं स्वच्छ होतं, खिडक्या मोठ्या. तिथले व्यवस्थापक भजन, टीव्ही, फिजिओ सगळं दाखवत होते. आईने मधेच विचारलं, "फळा आहे का तुमच्याकडे?" ते गोंधळले. आईने सासूबाईंचं सांगितलं. ते म्हणाले, "नाही ताई, पण लावता येईल."

आजी अजून घरीच आहे. दिवसा एक बाई येतात आणि आठवड्यातून तीन रात्री दुसऱ्या एक. पैसे काका देतो. त्या तीन रात्री आई माडीवर झोपते, दार लावून. फळा बाबांनी घरीच आणला, त्यावर आजी कधी पाढे लिहिते, कधी नुसत्या रेघा. दुसऱ्या ठिकाणच्या यादीत नाव घालून ठेवलंय. त्यांचा फोन आला तर काय करायचं हे ठरलेलं नाही. काका मे महिन्यात येणार आहे, तेव्हा सगळे बसू. या वेळी आईलाही बसवायचं, एवढं मी बाबांकडून कबूल करून घेतलंय.